उजेडाचं काम, उन्हाचं काम

भुसावळात एप्रिल लागला की चष्म्याच्या दुकानांत उन्हात आपोआप काळी पडणारी भिंगं खपू लागतात. दुकानदार एक गोष्ट सहसा सांगत नाही, त्याला ती ठाऊक असेलच असंही नाही. ही भिंगं थंड हवेत जास्त गडद होतात, तापल्या हवेत कमी. डिसेंबरात सिमल्याला गेलेल्याच्या डोळ्यांवर काळीभोर काच, आणि पंचेचाळीस अंशांत स्टेशनबाहेर रिक्षाची वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर नुसती राखाडी. भिंगात दोष नसतो. त्यातला रेणू अतिनील किरणांनी उघडतो आणि रंग धरतो, उष्णतेनं मिटतो आणि रंग सोडतो. उन्हात दोन्ही कामं एकदम चालू असतात. हवा जितकी तापलेली तितकं मिटणं जलद, म्हणून गडदपणा मध्येच अडतो.

खानदेशात ऊन म्हटलं की उजेड आणि उष्णता जोडीनंच येतात. प्रकाशाला दाद देणाऱ्या पदार्थांवर जो काम करतो त्याला ही जोडी फोडावी लागते. खालची टिपणं त्याबद्दल आहेत, आणि ती फोडायला उपयोगी पडणाऱ्या एका फार बारीक टोकाबद्दल.

*

टोक अणुबल सूक्ष्मदर्शीचं. प्रयोगशाळेत सगळे ‘एएफएम’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. याच्यात बघायचं भिंग नाही. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी सिलिकॉनची पट्टी असते, एका बाजूनं पक्की आणि दुसऱ्या बाजूनं मोकळी. मोकळ्या बाजूच्या पोटाशी एक सुळका, आणि त्याच्या अग्राची त्रिज्या साधारण 10 नॅनोमीटर. हा सुळका नमुन्यावरून ओळीओळीनं फिरवायचा. चढ लागला की पट्टी वाकते. पट्टीच्या पाठीवर लेसरचा ठिपका सोडलेला असतो. तो परतून चार भागांच्या प्रकाशग्राहकावर पडतो आणि पट्टी जराशी हलली तरी तिथं सरकतो. ते पाहून यंत्र पीझो सिरॅमिकला विजेचा दाब देतं आणि नमुना किंवा टोक वरखाली करून पट्टीचा वाक होता तेवढाच राखतं. कुठं किती वरखाली करावं लागलं याची नोंद म्हणजे एएफएमचं चित्र.

गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांनी 1986 साली ते मांडलं. पहिलं टोक म्हणजे सोन्याच्या पातळ पट्टीला चिकटवलेली हिऱ्याची कपची. लेसरची युक्ती पुढं दोन वर्षांनी आली. त्याच 1986 साली बिनिग आणि हाइनरिश रोरर यांना आधीच्या स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपसाठी नोबेल मिळालं. टनेलिंगला वीज वाहणारा पृष्ठभाग हवा. एएफएमला काच, प्लॅस्टिक, प्रथिन, केळीच्या पानावरचं मेण, सगळं चालतं. प्रकाशाला दाद देणारे बरेच पदार्थ विजेच्या बाबतीत आळशीच असतात, म्हणून ते या यंत्राच्या वाट्याला आले.

पुणे विद्यापीठात प्रा. सी. व्ही. धर्माधिकारी यांनी टनेलिंग मायक्रोस्कोप विकत न आणता स्वतः उभारला होता. यंत्र विकत मिळतं आणि पट्ट्यांची खोकी कुरिअरनं येतात अशा काळात वाढलेल्या विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

*

भुसावळात एएफएम बसवायचं ठरलं तर?

इथून एक लोहमार्ग इटारसीकडे जातो, एक नागपूरकडे, आणि मुंबईकडून येणारं सगळं इथूनच फुटतं. कोळशाच्या मालगाडीनं जमीन किती हादरते ते रुळांलगतच्या घरातल्या मांडणीवरच्या भांड्यांना विचारावं. एएफएम नॅनोमीटरचा दहावा भाग मोजू पाहतं. बिनिग आणि रोरर यांनी पहिल्या टनेलिंग मायक्रोस्कोपसाठी अतिवाहक शिशाच्या भांड्यावर चुंबकांच्या साह्यानं अख्खं यंत्र अधांतरी तरंगवलं होतं, ते याच धास्तीनं. पुढं लोकांना कळलं की जड फरशी रबरी दोरांनी छताला टांगली तरी काम भागतं. झुलण्याची वारंवारता सेकंदाला एकाच्या आसपास आणली की इमारतीचे दहा-वीस हर्ट्झचे हादरे वर पोचतच नाहीत. दोर आणि फरशी भुसावळच्या बाजारात मिळतात.

रेल्वेपेक्षा मला भीती कूलरची. इथल्या उन्हाळ्यात कूलर नसलेली खोली म्हणजे शिक्षा, पण एएफएमच्या खोलीत तो नकोच. त्याचा पंखा हवा हलवतो, मोटर टेबल हलवते, आणि वर ओलावा. ओलसर हवेत टोक आणि नमुना यांच्यामध्ये पाण्याचा सूक्ष्म पूल तयार होतो आणि टोकाला खाली ओढतो. ही ओढ दहा-दहा नॅनोन्यूटनांच्या घरात जाते, म्हणजे आपण जे बल मोजायला बसलो त्याहून मोठी. मे महिन्यातली इथली कोरडी दुपार या एका बाबतीत संशोधकाच्या बाजूची आहे.

*

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाचं संशोधन म्हटलं की थिन फिल्म. कारण सरळ आहे, खर्च कमी. कॅडमियमचा एखादा क्षार, अमोनिया, थायोयुरिया, एक बीकर, साठ ते ऐंशी अंशांचं पाणी आणि त्यात उभी केलेली काचेची स्लाइड. थोड्या वेळानं स्लाइडवर पिवळा थर चढतो. तो कॅडमियम सल्फाइड. संध्याकाळ झाली की आपोआप लागणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यात जी प्रकाशाला ओळखणारी नागमोडी पट्टी असते, ती बहुतेकदा याच पदार्थाची. उजेड पडला की तिचा रोध उतरतो, अंधारात चढतो.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि इतरांनी ही रासायनिक पद्धत नावारूपाला आणली, आणि ती महाराष्ट्रभरच्या कॉलेजांत झिरपली. अमळनेरच्या प्रताप कॉलेजात प्रा. एल. ए. पाटील यांच्या गटानं वायू ओळखणाऱ्या ऑक्साइडच्या थरांवर वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे मोठ्या शहराबाहेर राहून पृष्ठभागाचं विज्ञान होतं, त्याला पुरावा शोधायला लांब जायला नको. जळगावचं विद्यापीठ 1990 साली पुण्यापासून वेगळं झालं आणि 2018 साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्याच्या भौतिकशास्त्राच्या विभागात आणि संलग्न कॉलेजांत असे पिवळे, तपकिरी, काळे थर चढवलेल्या स्लाइड्सची खोकी भरलेली असतात.

(कॅडमियमचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. ते बंद झालं पाहिजे, यावर चर्चा नको.)

*

थर झाला की प्रवास सुरू. बऱ्हाणपूर, खंडवा ओलांडून इंदूर. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात, खंडवा रोडलाच, यूजीसी-डीएई कन्सोर्टियमचं केंद्र आहे. देशभरच्या विद्यापीठांना महागडी यंत्रं वापरता यावीत म्हणून ते उभं राहिलं. महाराष्ट्रातल्या थिन फिल्मच्या शोधनिबंधांच्या शेवटी आभार वाचत गेलं तर एएफएमसाठी इंदूरच्या डॉ. व्ही. गणेशन यांचं नाव इतक्यांदा भेटतं की एका माणसानं किती जणांच्या पदव्यांना हात लावला याचा अंदाज येतो.

पण या व्यवस्थेत एक मेख आहे. पाहुण्याला यंत्रावर थोडा वेळ मिळतो. चार नमुने, प्रत्येकाची दोन-तीन चित्रं, की पुढचा विद्यार्थी दारात उभा. म्हणून प्रबंधात जे येतं ते एक त्रिमितीय चित्र, खाली ‘सरासरी खडबडीतपणा अमुक नॅनोमीटर’, आणि एक वाक्य की पृष्ठभाग एकसारखा आणि घट्ट चिकटलेल्या कणांचा आहे. पदार्थ प्रकाशाला दाद देणारा, प्रबंधाच्या नावातच प्रकाश, आणि टोकाखाली असताना त्याच्यावर प्रकाश एकदाही पडलेला नसतो. मला हे लग्नपत्रिकेतल्या गणपतीसारखं वाटतं. असतो, असावा लागतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही.

*

त्या चित्रांबद्दल थोडं. तपकिरी-सोनेरी रंग पदार्थाचा नसतो, संगणकाचा असतो. उंच ते फिकट, खोल ते गडद. आडवी मापं मायक्रोमीटरमध्ये, उभं माप नॅनोमीटरमध्ये आणि तेही ताणलेलं, म्हणून जवळपास सपाट पृष्ठभागावर सातपुड्याच्या रांगा उभ्या राहतात.

कणांची रुंदी तर सरळ सरळ फुगते. टोकाची त्रिज्या 10 नॅनोमीटर, कणाचीही 10. कणाचा खरा व्यास 20, पण टोकाची कड आधी लागते आणि उशिरा सुटते, म्हणून चित्रात तो कण पायथ्याशी 40 भरतो. उंची मात्र बरोबर 20 येते. तरी लोक एएफएमवरून कणांची रुंदी काढतात आणि ती क्ष-किरणांच्या मापाशी जुळत नाही म्हणून कोड्यात पडतात. टोक तुटून त्याला दोन अग्रं झाली असतील तर प्रत्येक कणाशेजारी त्याची सावलीसारखी जुळी आकृती दिसते, सगळीकडे एकाच दिशेला. असं चित्र छापून आलेलंही पाहिलं आहे.

*

आता रेणूंकडे. प्रकाशाला दाद देणाऱ्या रेणूंत सगळ्यात अभ्यासलेला ॲझोबेन्झिन. मधे दोन नायट्रोजन, दोन्हीकडे एकेक बेन्झिनचं कडं. सरळ अवस्थेत तो सुमारे 0.9 नॅनोमीटर लांब, साधारण 365 नॅनोमीटरचे अतिनील किरण पडले की गुडघ्यात वाकतो आणि 0.55 वर येतो. निळा उजेड दिला की पुन्हा सरळ. उष्णता दिली तरी पुन्हा सरळ, आणि इथंच आमच्या गावाचा संबंध येतो. थंड खोलीत वाकलेला रेणू काही दिवस तग धरतो, मे महिन्यातल्या बंद खोलीत त्याच्या कितीतरी पट लवकर उठून उभा राहतो. तापमान न लिहिता ‘काळोखात इतक्या वेळानं पूर्ववत झाला’ असं नोंदवलं तर त्या नोंदीला काडीची किंमत नाही.

हे रेणू प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात गुंफले की पापुद्रा उजेडानं वळतो. जपानात इकेडा यांच्या गटानं 2003 साली दाखवलं की प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा बदलली की पापुद्रा वळण्याची दिशाही बदलते. का वळतो? अतिनील किरण वरच्या थरातच शोषले जातात, म्हणून वरचा थर आखडतो आणि खालचा तसाच राहतो. गच्चीवर बिबडे वाळत घातलेल्या कुठल्याही खानदेशी घरात हे घडताना दिसतं. वरची बाजू आधी सुकते, आखडते, आणि बिबड्याच्या कडा वर येतात. फरक इतकाच की बिबडा पाणी गेल्यानं वळतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

*

1995 साल. कॅनडात रोशॉन आणि नातानसोन, अमेरिकेत लोवेलला किम, सुकांत त्रिपाठी आणि जयंत कुमार. दोन्ही गटांना जवळपास एकाच वेळी एकच विचित्र गोष्ट दिसली. ॲझोबेन्झिन लावलेल्या पॉलिमरच्या थरावर लेसरचे दोन झोत एकमेकांवर पाडले, म्हणजे थरावर उजेड-अंधाराचे पट्टे पडले. थोड्या वेळानं एएफएमखाली पाहिलं तर पृष्ठभागावर खरोखरच्या सऱ्या आणि वरंबे, शेकडो नॅनोमीटर खोल. कुणी कोरलं नव्हतं, काही जाळलं नव्हतं, धुतलं नव्हतं. पदार्थच सरकून बाजूला झाला होता, तोही काचेसारख्या घट्ट अवस्थेत, वितळण्याच्या कितीतरी खाली.

पहिली शंका कुणालाही येईल तीच, लेसरनं तापवलं असेल. पण वापरलेल्या उजेडाची तीव्रता पाहिली तर चौरस सेंटिमीटरला 50 ते 100 मिलिवॉट. भुसावळच्या दुपारच्या उन्हाची तीव्रता 100 च्या आसपासच असते. एवढ्यानं पॉलिमर वितळत असता तर आमच्या पाण्याच्या टाक्या कधीच वाहून गेल्या असत्या.

मला याहून आवडतं ते दुसरं उत्तर. झोतांची तीव्रता तीच ठेवली आणि फक्त ध्रुवण बदललं, तर एका मांडणीत सऱ्या खोल होतात आणि दुसऱ्यात जेमतेम उमटतात. उष्णतेला ध्रुवण कळत नाही. ते उजेडालाच असतं. प्रयोग बदलायला एक ध्रुवक फिरवायचा, बस. आणि उष्णतेचं खरं काम उलटंच निघालं. थर काचेच्या अवस्थेतून मऊ अवस्थेत जाईपर्यंत तापवला की सऱ्या पुसल्या जातात आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो.

या सऱ्या नेमक्या कुठल्या बलानं पडतात यावर अजून वाद चालू आहेत. पण ‘लेसरनं तापवलं’ हे उत्तर त्या वादातून बाद झालं.

*

एका अंशाचा हिशेब एकदा मांडून ठेवतो. स्लाइड 1 मिलिमीटर जाड. साध्या काचेचा प्रसरणांक अंशाला सुमारे दहा लाखांत 9. म्हणजे स्लाइड एका अंशानं तापली की तिची जाडी 9 नॅनोमीटरनं वाढते. शोधायची असते एका रेणूच्या थराची हालचाल, 1 नॅनोमीटर. दिवा लावला, पृष्ठभाग 9 नॅनोमीटर वर आला, आणि विद्यार्थ्यानं लिहिलं ‘प्रकाशामुळे थर फुगला’. तो स्लाइडचा फुगा असतो.

यावर सुरेख उतारा जपानच्या मासाहिरो इरी यांच्या गटानं 2001 साली दिला. त्यांनी डायअरिलइथीन नावाच्या पदार्थाचा एकच स्फटिक घेतला. अतिनील किरण पाडले की बिनरंगी स्फटिक रंगतो. एएफएमखाली रंगतानाच त्याच्या सपाट पृष्ठभागावर सुमारे 1 नॅनोमीटर उंचीच्या पायऱ्या उमटल्या, दृश्य प्रकाश दिल्यावर नाहीशा झाल्या. इथं अख्खा स्फटिक वर-खाली झाला असता तरी फरक पडत नव्हता, कारण मोजायची होती ती एकाच चित्रातली शेजारच्या दोन जागांची तफावत. तापून वर आलेली जमीन सगळीकडे सारखी येते, तिला अशी पायरी पडत नाही. शिवाय हा रेणू ॲझोबेन्झिनसारखा उष्णतेनं परत फिरत नाही, त्याला परतायला उजेडच लागतो. आमच्या हवामानात काम करायचं तर मी तरी विद्यार्थ्याला हाच वर्ग सुचवीन.

*

दुसरी अडचण पट्टीची. लेसर नीट परतावा म्हणून सिलिकॉनच्या पट्टीच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा किंवा सोन्याचा पातळ थर दिलेला असतो. ॲल्युमिनियम अंशाला दहा लाखांत 23 नं वाढतं, सिलिकॉन अडीच-तीननं. दोन धातूंची पट्टी तापली की वाकते, इस्त्रीच्या थर्मोस्टॅटचं तत्त्व. नमुन्यावर पाडलेला उजेड पट्टीवरही पडतो, पट्टी वाकते, आणि यंत्र समजतं की नमुन्यानंच टोक ढकललं.

म्युनिकमध्ये हर्मान गाउब यांच्या गटातल्या हुगेल आणि सहकाऱ्यांनी 2002 साली एक अफाट प्रयोग केला. ॲझोबेन्झिनच्या कड्या जोडलेली पॉलिमरची एकच साखळी काच आणि एएफएमचं टोक यांच्यामध्ये ताणून धरली. अतिनील झोत दिला की साखळी ताणाविरुद्ध आखडते, टोकाला ओढते. म्हणजे एका रेणूनं उजेड खाऊन यांत्रिक काम केलं, आणि ते पिकोन्यूटनमध्ये मोजलं गेलं. पण माझ्या मते या प्रयोगातली हुशारी उजेड आणण्यात आहे. तो वरून टाकला नाही. काचेच्या आतून तिरपा आणला, असा की काचेच्या पृष्ठभागावरून त्याचं पूर्ण परावर्तन व्हावं. पूर्ण परावर्तनात उजेड काचेबाहेर फार तर शंभर-दोनशे नॅनोमीटर डोकावतो. साखळीला तेवढा पुरतो, पट्टीपर्यंत तो पोचत नाही.

*

तिसरी अडचण मला सगळ्यात गमतीची वाटते. एएफएममध्ये काळोख नसतो. खोलीचे दिवे मालवले, पडदे ओढले, तरी यंत्राचा स्वतःचा लाल लेसर पट्टीवर पडतोच, आणि थोडा कडेनं सांडून नमुन्यावर. तरंगलांबी साधारण 650 ते 670.

कॅडमियम सल्फाइड 512 नॅनोमीटरहून लांब तरंग फारसे शोषत नाही, त्यामुळे लाल लेसर त्याला जवळजवळ अंधारासारखाच. पण सध्या सौरघटांसाठी ज्याची चलती आहे तो शिशाचा आयोडाइड पेरोव्हस्काइट पावणेआठशेपर्यंत शोषतो. कॅडमियम टेल्युराइड साडेआठशेच्या आसपासपर्यंत. त्यांच्यासाठी ‘अंधारातलं’ चित्र हे लाल दिव्यात काढलेलं चित्र असतं. उपाय आहेत. अवरक्त लेसरचं यंत्र, किंवा लेसरच नसलेली क्वार्ट्झच्या दोलकाची टोकं. दोन्ही नसतील तर निदान लेसरची तरंगलांबी निबंधात छापावी. तेही फार जण करत नाहीत.

*

केळीची बाग दुपारी पाहावी. पानाचे दोन्ही पंख मधल्या शिरेपासून खाली झुकतात, जणू छत्री अर्धी मिटली. रावेर-यावल पट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, ऊन लागलं. पण उजेडानं की उष्णतेनं की पाण्याच्या ओढीनं? शिरेलगतच्या पट्ट्यातल्या पेशींतला पाण्याचा दाब उतरला की पंख झुकतो, म्हणजे खरा कारभारी पाणी. ऊन निमित्त.

त्याच केळीचं फळ मात्र थेट प्रकाशाला उत्तर देतं. 2008 साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की पिकलेलं पिवळं केळं अतिनील दिव्याखाली निळं चमकतं. हिरवं चमकत नाही. हरितद्रव्य मोडून जे पदार्थ सालीत जमतात त्यांची ती चमक. नोटा तपासायचा दिवा घेऊन सावद्याच्या एखाद्या रायपनिंग चेंबरमध्ये अंधार करून बघायला हरकत नाही. एमएस्सीचा प्रकल्प होऊ शकतो, एएफएमशिवाय.

*

लोणार इथून फार लांब नाही. जून 2020 मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की मिठात राहणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा तो रंग. याच कुळातल्या एका जीवाच्या आवरणात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचं जांभळं प्रथिन असतं, 1971 साली ओळखलं गेलेलं. उजेड पडला की ते प्रोटॉन आवरणापलीकडे ढकलतं. (सरोवराचा सगळा गुलाबीपणा या प्रथिनाचा नव्हे, त्यात कॅरोटिनॉइडचा वाटा मोठा.)

जपानात कानाझावाला तोशिओ आंदो यांनी वेगवान एएफएम तयार केलं. नेहमीच्या यंत्राला एका चित्राला मिनिटं लागतात, यानं चलच्चित्र निघतं. 2010 साली त्यांच्या गटानं हे प्रथिन पाण्यात ठेवून हिरवा उजेड लावला आणि काय होतं ते पाहिलं. तीन-तीनच्या गटात बसलेल्या प्रथिनांचा वरचा भाग उजेडात बाहेरच्या बाजूला सरकतो, नॅनोमीटरहूनही कमी अंतर, आणि उजेड बंद केला की परत येतो. त्यासाठी मुद्दाम मंद चालणारं बदललेलं प्रथिन घेतलं, कारण मूळचं इतकं चपळ की त्या यंत्रालाही सापडलं नसतं.

उष्णतेची शंका इथं कोण घेणार? घेतली पाहिजे, पण परत येणं आणि तेच पुन्हा पुन्हा घडणं हे तिचं बरंचसं उत्तर आहे.

*

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, 2013 पासूनचा. उन्हाळ्यात वीज जास्त मिळत असेल असं लोकांना वाटतं. सिलिकॉनचं पॅनेल 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे 0.4 टक्के क्षमता गमावतं. मे महिन्यात त्याचा पृष्ठभाग 65 ला गेला तर 16 टक्के तिथंच गेले. उजेड कमावतो, ऊन खर्च करतं.

पॅनेलच्या थराच्या आत उजेडाची कमाई कुठं होते आणि कुठं गळते ते पाहायला एएफएमचाच एक अवतार वापरतात. टोकावर धातू चढवून टोक आणि नमुना यांच्यामधलं विजेचं आकर्षण शून्य होईल इतका दाब लावायचा, तो दाब म्हणजे त्या जागेचं विभव. अंधारात एक नकाशा, उजेडात दुसरा, वजाबाकी तिसरा. कण कुठं कामाचे आणि कणांमधल्या सीमा कुठं वीज गिळतात ते मिलिव्होल्टमध्ये दिसतं. उजेड बंद केल्यावर विभव कधी क्षणात उतरतं, कधी मिनिटं घेतं. ती मिनिटं म्हणजे थरातल्या खोड्यांत अडकलेला विद्युतभार. माझ्या मते बीकरमधून काढलेल्या कॅडमियम सल्फाइडच्या थराबद्दल त्या मिनिटांतून जेवढं कळतं तेवढं खडबडीतपणाच्या शंभर आकड्यांतून कळत नाही.

*

म्हणून जळगाव, धुळे, भुसावळच्या एमएस्सी आणि पीएच.डी.च्या मुलांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना विनंती. इंदूरला किंवा पुण्याला नमुना पाठवताना अर्जात चार ओळी जास्त लिहा. चित्र आधी अंधारात, मग ठरावीक तरंगलांबीच्या एलईडीच्या उजेडात, मग पुन्हा अंधारात, तिन्ही एकाच जागेचं. शक्य असेल तर चौथं, दिव्याशिवाय नमुना तितकाच तापवून. चार नमुन्यांऐवजी एकच न्या, मिळालेला वेळ याला पुरतो. एलईडी स्वतःचा न्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. खोलीचं तापमान, हवेतला ओलावा आणि यंत्राच्या लेसरची तरंगलांबी वहीत उतरवून घ्या. आणि तिसरं चित्र पहिल्याशी जुळलं नाही तर तेही छापा.